बांधलेला हात

वर्षाराणी आपलं ब्लाऊजपीस परत न्यायला आली तेव्हा सुकेशनी शिलाई मशीनसमोर बसलेली होती. नुसतीच बसलेली होती. उजवा हात मांडीवर होता, कारण सकाळी तिनं तो तिथं आणून ठेवला होता. स्वतःहून तो कुठं जात नव्हता. डाव्या हातावर कोपरापर्यंत नवऱ्याचा, भिवाजीचा राखाडी मोजा चढवलेला आणि मनगटाशी परकराच्या नाडीनं दोन वेढे देऊन बांधलेला. वर्षाराणी तलाठी ऑफिसात कामाला, पोरगी गोड, कुणाला दुखवायचं नाही म्हणून ती दारातच चप्पल काढत बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "काकू, मामाच्या पोरीचं लगन हाय पंधरा दिवसांनं. तुमी आराम करा. मी थे निळं पीस नेतो म्हटलं. कापलं तर नाही न अजून?" सुकेशनी म्हणाली, "नाही कापलं. ने." निळं पीस गठ्ठ्याच्या तळाशी होतं. वर्षाराणीनं ते ओढलं आणि टेबलाच्या कडेवरून सगळा गठ्ठाच घसरला. त्या क्षणी सुकेशनीचा डावा हात झेपावला. तिनं सांगितलं नव्हतं, तिला कळलंसुद्धा नव्हतं. गठ्ठा जमिनीवर पडायच्या आत हात तिथं पोचला होता, आणि मोज्याच्या आत पाचही बोटं ताणून पसरली होती. पण मोज्याला काय धरता येतं! सहाच्या सहा कापडं त्याच्यावरून घरंगळून खाली गेली. "राहू द्या काकू, राहू द्या," म्हणत वर्षाराणीनं सगळं गोळा केलं, घडी घालून ठेवलं, निळं पीस पर्समध्ये कोंबलं आणि ती निघून गेली.

गिऱ्हाईक गेल्याचं दुःख सुकेशनीला झालं, नाही असं नाही. वर्षाराणीचं माप तिला तोंडपाठ होतं, डावा खांदा अर्धा इंच उतरता आहे हेसुद्धा. पण ती बसल्या जागी हादरली ती हाताच्या त्या झेपेनं. मोज्यात बोटं अजून पसरलेलीच होती. तिला राग आला होता की हाताला, हे तिला ठरवता येईना. सेहेचाळीस वर्षांपूर्वी हाच हात असाच बांधलेला होता आणि आत असाच तडफडत होता, हे तिला आठवलं, आणि इतके दिवस आठवलं कसं नाही याचं तिला नवल वाटलं.

किन्हीराजा गावातलं माहेरचं घर, ओसरी, पितळी ताट, ताटात ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. सुकेशनी सहा वर्षांची. हात भाजीकडे जायचा तो डावा. आई, भागिरथाबाई, शांत बाई होती, पोरांवर हात न उचलणारी. पण हे एक तिला खपायचं नाही. जुन्या लुगड्याची पट्टी फाडून तिनं पोरीचा डावा हात कमरेला बांधला. "मोठी झाली की पंगतीत बसशील तवा लोक काय म्हनतील मले? अन् लगनाच्या टायमाले?" याच भागिरथाबाईच्या सासऱ्यानं छपन्न साली धम्म घेतल्यावर देव्हाऱ्यातले देव एका टोपलीत भरून नाल्याच्या पाण्यात सोडले होते. भागिरथाबाई ते अभिमानानं सांगायची. उपास सोडले, अंगारा सोडला, शकुन-अपशकुन सोडले. उजवं आणि डावं मात्र तिच्याकडून सोडलं गेलं नाही. सुकेशनीला हे पुढं कळत्या वयात उमगलं आणि हसू आलं. तेव्हा मात्र ती रोज रडायची. उजव्या हातानं घास तोंडाशी जाईपर्यंत निम्मा सांडायचा. पट्टी दिवसभर असायची, झोपताना सुटायची, आणि सुटली की हात सुजल्यासारखा, परक्या माणसाचा असल्यासारखा वाटायचा. एका पावसाळ्यात आणि एका हिवाळ्यात काम फत्ते झालं. पुढं आईनं पट्टी सोडून टाकली आणि पोरीला जवळ घेऊन सांगितलं की हे आता कुणाला सांगायचं नाही, नवऱ्याला तर कधीच नाही. सुकेशनीनं ते इतकं पाळलं की स्वतःलाही सांगेनाशी झाली.

तरी डावा हात पुरता मेला नव्हता. अंधारात डास मारायचा तो डावा. सुईत दोरा ओवायचा तो डावा. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला कधी कळलं नाही आणि नवऱ्यालाही नाही. भिवाजी एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता, इंजिनाच्या आवाजावरून कुठला बोल्ट ढिला आहे ते सांगायचा, पण बायको दोरा कोणत्या हातानं ओवते हे त्याला तेहेतीस वर्षांत दिसलं नाही. पुरुषांचं लक्ष असंच असतं, असं सुकेशनीचं मत होतं आणि ते ती त्याला अधूनमधून ऐकवायची. एकोणिसाव्या वर्षी ती फुलचंद मास्तरांकडे कटिंग शिकायला गेली. पहिल्याच दिवशी मास्तरांनी ती लोखंडी, जड कैची पुढं केली आणि हिनं नकळत डाव्या हातानं घेतली. कापड कापलं जाईना. दोन पात्यांच्या मध्ये दुमडून अडकून बसलं. मास्तर मान हलवत म्हणाले, "पोरी, कैची उजव्या हाताचीच बनते. डाव्यात घेतली की पाते फाकतात." तिनं मुकाट्यानं हात बदलला. मग उजवा हात जे शिकला ते मात्र भरभरून शिकला. बाहेरून आलेली सून घर हातात घेते तसा त्यानं सगळा संसार हातात घेतला. हजारो ब्लाऊज, पोरांचे गणवेश, चौदा एप्रिलच्या आधीच्या पंधरवड्यात पांढऱ्याशुभ्र कपड्यांचे ढीग. खडूची रेघ न आखता बाही कापायची ती. रिसोडमध्ये तिच्या कटिंगला नाव होतं. म्हणून तो हात असा मांडीवर पडलेला बघितला की तिला रडू यायचं ते खरंखुरं, घरातलं माणूस गेल्यासारखं.

तो हात गेला तोही काम करता करताच. बाही अर्धी कापून झाली होती. कैची जड झाली, मग तिच्यातला हातच कुठं आहे ते कळेना, मग पाय. जमिनीवर पडल्या पडल्या तिनं पाहिलं की कैची अजून कापडात अडकून टेबलाच्या कडेला लोंबते आहे. रिसोडहून वाशीम, वाशीमहून अकोला. बोलणं वाचलं, तोंड थोडं वाकडं झालं होतं ते आठवडाभरात जागेवर आलं. अकोल्याच्या दवाखान्यात दहाव्या दिवशी तिला त्या बोगद्यासारख्या यंत्रात घातलं. डॉक्टर योगिनी म्हणून एक तरुण बाई होत्या, त्यांनी सांगितलं की हा नेहमीपेक्षा वेगळा फोटो आहे, मेंदूतून हाताकडे जाणाऱ्या वाटा यात दिसतात, आणि हात पुढं किती हलेल याचा अंदाज बांधता येतो. यंत्र ठकठक, घरघर करत होतं. डोळे मिटून सुकेशनी उजव्या अंगठ्याला सांगत होती, हल बाबा, एकदा हल, तुझा फोटो निघून राह्यला. जणू लग्नाच्या फोटोत चांगलं दिसायचं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी भिवाजीला आत बोलावलं. ती बाहेर चाकाच्या खुर्चीवर. दोघांची उंची बेताची, दाराच्या काचेतून नुसती डोकीच दिसत होती. आत विचारलेला एक प्रश्न तेवढा दार उघडं असताना ऐकू आला होता, "या डावखुऱ्या की उजव्या?" आणि भिवाजीनं एका क्षणात उत्तर दिलं होतं, "उजव्याच हायेत मॅडम, शिलाईकाम करते न." सुकेशनीनं तोंड उघडलं होतं. मग आईचा चेहरा आठवून मिटलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं जुनी सवय, आणि माणूस असा अर्धा लुळा पडलेला असताना कुठं ते काढायचं!

भिवाजी बाहेर आला आणि म्हणाला, "सारं ठीक होते म्हन्तात. दोन-तीन मयन्यात बोटं बी चालतीन. चहा घेतेस का?" तिथंच तिच्या मनात पाल चुकचुकली. भिवाजी आयुष्यात कधी तिला चहा विचारत नसे. तो चहा मागत असे. तो खोटं बोलायला लागला की नम्र होतो हे तिला त्यांचं लग्न झाल्याच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. पण खोटं आहे असं मानायला धीर लागतो, आणि तिच्याजवळ त्या दिवसांत तो नव्हता. घरी आल्यावर त्यानं फोटोंचं मोठं पाकीट कपाटाच्या वर, तिचा हात पोचणार नाही अशा जागी टाकलं. मग पुण्यात असलेल्या त्यांच्या पोरानं, उत्कर्षनं, त्याला मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. चांगला हात बांधून ठेवला की लुळा हात नाइलाजानं काम करायला लागतो, असं त्यात एक डॉक्टर सांगत होता. भिवाजीला हे एकदम पटलं. गाडीचा एक टायर बसला म्हणून दुसऱ्याचा वापर वाढवला तर बसलेला कधीच सुधारत नाही, असला काहीतरी हिशेब त्यानं मांडला, मोजा काढला आणि नाडी शोधली. सकाळी नऊ ते दुपारी तीन. तीन आठवडे. दुपारचं जेवण तो भरवायचा, घास लहान करून, भाजीत भाकर नीट कुस्करून. त्याच्या डोळ्यांत इतकी आशा असायची की सुकेशनी मुकाट्यानं तोंड उघडायची. उजवा हात खांद्यापासून जरासा उचलला जायचा, कोपर वाकायचं, पण बोटं मिटलेलीच. रोज तीन वाजता नाडी सुटायची आणि भिवाजी म्हणायचा, "आज जरा फरक हाय." फरक नव्हता. पायात होता, ती आता भिंतीला धरून मोरीपर्यंत जात होती. हातात नव्हता, हे तिला हातावरूनच कळत होतं.

आता, वर्षाराणी गेल्यावर, ते सगळं तिच्या अंगात एकदम गोळा झालं. बाहेर सोयाबीनचा एक ट्रक गल्लीच्या तोंडाशी अडकून हॉर्न देत होता, कुणीतरी ड्रायव्हरला शिव्या देत होतं. सुकेशनी मोज्यातल्या बोटांकडे बघत राहिली. या हातानं काय गुन्हा केला? सहा वर्षांची असताना याला बांधलं, कारण हा फार हुशार होता. आता बावन्न वर्षांची झाले, पुन्हा याला बांधलं, कारण हा एकटाच चांगला उरला. तिला आईचा राग आला, जो तिला आजवर कधी आला नव्हता. मग भिवाजीचा. मग स्वतःचा, आणि तो सगळ्यात मोठा होता. तिनं दातांनी नाडीची गाठ धरली. गाठ मेकॅनिकची होती, सुटता सुटेना. लाळ गळली, दात दुखले, पण तिनं सोडली नाही. सुटली तेव्हा तिनं मोजा मशीनवरून पलीकडे फेकून दिला आणि हाक मारली, "अहो, इकडं या जरा."

भिवाजी मागच्या अंगणातून आला. मोजा पाहिला आणि थबकला. "अवं, तीन कुठी वाजले अजून?"

"थे पाकीट काढा."

"कोन्तं?"

"कपाटावरचं. अन् चहा विचारू नका."

भिवाजीनं स्टूल घेऊन पाकीट काढलं, वरची धूळ शर्टाला पुसली आणि तिच्या मांडीवर ठेवलं. सुकेशनीनं डाव्या हातानं एकेक फिल्म बाहेर ओढली आणि खिडकीकडे धरली. राखाडी, काळं, अक्रोडासारखं काहीतरी. तिला काही कळेना. शेवटचा कागद रंगीत होता. काळ्या डोक्यात रंगीत धाग्यांचे दोन झुपके वरून खाली उतरत होते. एका बाजूचा निळा झुपका भरगच्च होता, दोऱ्याची नवी गुंडी उलगडावी तसा. दुसऱ्या बाजूचा मधेच विरळ झाला होता, चार-सहा धागे कसेबसे खाली पोचलेले. तिला इंग्रजी अहवाल वाचायची गरज पडली नाही. आयुष्यभर तिनं उसवलेल्या शिवणी पाहिल्या होत्या. कुठली परत ओढून घेता येते आणि कुठल्या जागी कापडच विरलेलं असतं, हे तिला बघून कळायचं. आतल्या आत काहीतरी खाली बसलं, आणि ते बसलं म्हणून तिला बरंही वाटलं.

"फोन लावा डॉक्टरबाईले," ती म्हणाली. "मोठ्यानं ऐकू येईन असा."

डॉक्टर योगिनीनं दुसऱ्या खेपेला उचलला. सुकेशनीनं नाव सांगितलं आणि सरळ विचारलं, उजव्या हाताची बोटं चालणार का. "भाऊंना मी सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "तुमचा पाय चांगला येईल. खांदा, कोपर बऱ्यापैकी. बोटांचं बारीक काम परत येईल असं त्या फोटोवरून वाटत नाही. हा अंदाज आहे, देवाचा शब्द नाही. चार पेशंटमधे तिघांचं तसंच होतं, एखाद्याचं वेगळं निघतं. पण म्हणून तर मी भाऊंना म्हटलं होतं की डावा हात तयार करायला घ्या. घेतला ना?"

भिवाजी जमिनीकडे बघत होता. सुकेशनी म्हणाली, "मॅडम, तीन आठवडे थो हात बांधून ठेवला आमी."

"बांधून? कायले?" डॉक्टरबाईंची शहरी भाषा घसरून एकदम अकोल्याची झाली. "तो व्यायाम वेगळ्या पेशंटचा असतो ताई. ज्यांची बोटं थोडी तरी उघडतात त्यांचा. तुमचं वेगळं आहे. उजव्याचा व्यायाम सोडू नका, नाहीतर तो आखडेल, पण डावा मोकळा सोडा. वेळ लागेल. उजव्या माणसाला डाव्यानं शिकायचं म्हणजे पहिलीपासून सुरुवात."

"मी उजवी नाही," सुकेशनी म्हणाली. "मी मूळची डावरी हाव मॅडम. मायनं बांधून बांधून उजवी केली मले."

बाई म्हणाल्या की यानं उजवा हात सुधारणार नाही, तिनं तशी आशा धरू नये, पण डाव्याचं काम सोपं होईल की कसं ते करून बघितल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही, त्याचा फोटो निघत नाही. पुढच्या महिन्यात या, म्हणाल्या. फोन बंद झाला. भिवाजी स्टुलावर बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर एक मोठी गाडी समोरून निघून गेल्यासारखा भाव होता.

"तेहेतीस वर्सं," तो म्हणाला. "एका घरात राह्यलो आपन. मले सांगतलं नाही तुनं?"

"तुमी तरी कुठी सांगतलं तीन आठवडे?"

"थे येगळं हाय. तुले वाईट वाटलं असतं म्हनून."

"मले बी तसंच वाटलं. लगन मोडलं असतं म्हनून."

भिवाजी नाक पुसत म्हणाला, "डावरी हाय म्हनून कोनी लगन मोडते काय?" "तुमच्या मायनं मोडलं असतं," सुकेशनी म्हणाली, आणि त्यानं थोडा विचार करून मान डोलावली. त्याच्यावरचा तिचा राग ओसरला. तो माणूस तीन आठवडे तिला घास भरवताना एकटाच ते ओझं बाळगत होता, आणि ते हलकं व्हावं म्हणून नाडीच्या गाठी आवळत होता, हे तिला दिसलं. पण दिसलं म्हणून थांबायचं नव्हतं. तिनं मशीनला टेकून स्वतःला उभं केलं, उजवा पाय ओढत दोन पावलांत टेबल गाठलं, आणि खण उघडून कैची काढली.

"अवं, आजच कायले? हात तरी मोकळा होऊ दे."

"थो लय दिवसांचा मोकळा व्हाची वाट पाहून राह्यला. कपडा आना. लोकाचा नको. तुमची खाकी पँट आना."

ही पँट भिवाजीनं निवृत्तीच्या दिवशी घडी घालून ठेवली होती आणि दिवाळीच्या साफसफाईतसुद्धा कुणाला हात लावू देत नसे. तरी तिच्या तोंडाकडे पाहून तो गेला आणि घेऊन आला. तिनं खडू डाव्या हातात धरला आणि मांडीच्या जागी एक रेघ ओढली. रेघ नागमोडी आली, आणि तिनं तिच्याच शेजारी दुसरी ओढली, मग तिसरी. तिसरी बरी होती. मग कैची. ती उलट्या हातात उलटीच बसत होती. अंगठ्याचं भोक अंगठ्याला उलट बाजूनं रुतत होतं, आणि वरचं पातं रेघेवर असं येत होतं की रेघच दिसेना. पहिल्या दाबाला कापड दुमडून पात्यांत अडकलं. एकोणिसाव्या वर्षी अडकलं होतं तसंच, अगदी तसंच, आणि तिच्या मनात आलं की मास्तर खरं तेच बोलले होते, पातं फाकतंच. पण तेव्हा तिनं तिथल्या तिथं हात बदलला होता. फाकलेलं पातं मिटवायचं कसं, हे कुणी विचारलंच नव्हतं. तिनं कैची कापडाबाहेर काढून हवेत उघडली, मिटली. अंगठा बाहेर ढकलण्याची सवय होती. तिनं तो आत, तळव्याकडे ओढला, आणि बोटं बाहेर रेटली. पाती एकमेकांवर घासली, तो बारीक, ओला आवाज आला जो तिनं पस्तीस दिवसांत ऐकला नव्हता. पुन्हा कापडावर लावली. दोन बोटांएवढं कापलं गेलं, मग अडकलं. हात दुखत होता, खांद्यापर्यंत कळ येत होती, आणि कापड पुढं पुढं सरकत होतं, कारण त्याला दाबून धरायचा हात मांडीशी लोंबत होता.

"धरा इथं," ती म्हणाली.

भिवाजीनं दोन्ही तळवे पँटवर ठेवले, इंजिनाचं झाकण दाबावं तसे, पूर्ण वजनानं. सुकेशनी वाकली. अंगठा आत, बोटं बाहेर. हे ती मनातल्या मनात म्हणत होती, आणि थोड्या वेळानं म्हणायची विसरली. कैची चालायला लागली होती. वाकडी चालत होती, रेघ सोडून कधी इकडे कधी तिकडे, पण मधे अडकत नव्हती, आणि खाकी कापड दोन बाजूंना पडत भिवाजीच्या पंज्यांच्या दिशेनं येत होतं. तो आपल्या पँटकडे बघत होता की बायकोच्या हाताकडे, कुणास ठाऊक. त्याला हलायचं सुचलं नाही.

"बोटं मांगं घ्या," सुकेशनी म्हणाली. "कापून राह्यली मी."